विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ आणि विद्यार्थ्यांची सभा

आपल्याकडील शाळांतून वर्षारंभी ‘शालेय मंत्रिमंडळ’ निवडण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. औसा तालुक्यातील एखाद्या खेड्याच्या शाळेत आपण गेलो, तर तेथेही मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री अशी मुलांची नावे फळ्यावर सुबक अक्षरांत लिहिलेली दिसण्याचा संभव पुष्कळ असतो. मुलांना त्याचे अप्रूप वाटते. घरी आल्यावर दप्तर खाली ठेवण्यापूर्वीच ‘आई, मी स्वच्छतामंत्री झालो’ अशी वर्दी मिळते, आणि आईबापांसही दोन घटका कौतुक वाटते. हे कौतुक योग्यच आहे. परंतु या गोड दृश्यात एक उणीव असते, आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. या मंत्र्यांना प्रश्न विचारणारे कोणीच नसते. पाण्याची टाकी दोन महिने धुतली गेली नाही, तर आरोग्यमंत्र्यास उभे करून ‘का धुतली नाही?’ असे विचारावयास सभा कोठे आहे? मंत्रिमंडळ आहे, पण विधिमंडळ नाही.

ही उणीव शाळेपुरती असती, तर तिजविषयी या सदरात लिहिण्याचे कारण पडले नसते. पण हीच मुले पुढे औशाच्या, लातूरच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयांत जातात, आणि तेथेही तीच उणीव मोठ्या प्रमाणावर त्यांच्या वाट्यास येते. म्हणून विद्यार्थ्यांच्या स्वराज्यातील ‘सभा’ या अंगाचे काम काय, ते कसे चालावे, आणि आपल्यासारख्या घरांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा थोडा विचार या महिन्यात करावयाचा आहे.

राज्यकारभाराची तीन अंगे असतात, हे नागरिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण सर्वांनी वाचलेले असते: नियम करणारे, अंमल करणारे आणि निवाडा करणारे. जेथे विद्यार्थ्यांच्या कारभाराची मांडणी विचारपूर्वक झालेली आहे, तेथेही ही तीन अंगे निरनिराळी ठेवलेली आढळतात. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांची एक प्रतिनिधिसभा असते. ती ठराव करते, विद्यार्थ्यांच्या फीतून जमलेल्या पैशाचे वाटप मंजूर करते, आणि विद्यार्थ्यांच्या अध्यक्षाने एखादा ठराव नाकारला, तर वाढीव बहुमताने तो पुन्हा संमत करण्याचा अधिकारही अनेक ठिकाणी तिला असतो. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मद्रासच्या आय. आय. टी.मध्ये विद्यार्थ्यांची लिखित घटना आहे, तिच्या अन्वये विद्यार्थ्यांचे विधिमंडळ भरते, आणि त्याचा सभापतीही विद्यार्थीच असतो. सचिव मंडळींनी काय केले आणि काय केले नाही, याचा जाब तेथे सभेपुढे द्यावा लागतो. तात्पर्य, सभेची कामे मुख्यतः तीन: नियम घालून देणे, पैशास संमती देणे, आणि विचारणे. यांतील तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण होय.

आता आपल्या महाराष्ट्रात काय घडले ते पाहू. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात एक विद्यार्थी परिषद असावी असे ठरविले. पण तिची घडण पाहण्यासारखी होती. परिषदेचे अध्यक्ष खुद्द प्राचार्य. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला एकेक विद्यार्थी. खेळ, छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना व सांस्कृतिक कार्यक्रम यांत चमकलेले एकेक विद्यार्थी, आणि दोन विद्यार्थिनी. हे सर्व प्राचार्यांनी नेमलेले. या सभासदांनी आपल्यातून एक सचिव निवडावा, एवढीच काय ती निवडणूक. म्हणजे ज्यांच्या कारभाराविषयी प्रश्न विचारावयाचे, तेच सभेचे अध्यक्ष. आणि ज्यांनी विचारावयाचे, त्यांना वर्गाने पाठविलेलेच नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच १९९४ साली सप्टेंबर महिन्यात स्थापन झाले. त्यामुळे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी, विद्यापीठाच्या आरंभापासून कित्येक वर्षे, सर्व विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडलेली परिषद पाहिलीच नाही.

आपल्या घरांतून या व्यवस्थेचे स्वागतच झाले, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. वर्गात पहिला आलेला मुलगा वर्गाचा प्रतिनिधी व्हावा, यात गैर काय, असे आपणांस वाटते. कारण तो पहिला आलेला मुलगा पुष्कळदा आपल्याच घरातला असतो. गुणवत्तेविषयीचा आपला आदर खरा आहे आणि तो सुटू नये. परंतु गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व या दोन भिन्न वस्तू आहेत. उत्तम गणित सोडविणारा मुलगा उत्तम गणित सोडवितो, एवढेच गुणपत्रिका सिद्ध करते. वसतिगृहातील जेवण कसे आहे, खेड्यातून येणाऱ्या मुलीला शेवटची एस. टी. मिळते की नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला आहे, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. आणि ठाऊक नसले, तरी वर्ग त्याला बदलू शकत नाही. ज्याला वर्गाने पाठविले नाही, त्याला वर्ग परत बोलावूही शकत नाही. प्रतिनिधीचे सारे मर्म या परत बोलावण्याच्या भीतीत आहे.

मराठवाड्याच्या माणसास तर हा भेद पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात कायदे करणारे एक मंडळ होते. पण ते साऱ्या प्रौढ रयतेने आपल्या मताने निवडलेले नव्हते. सभासद विद्वान असतील, प्रतिष्ठित असतील. ते रयतेचे नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, येथील प्रौढ स्त्री-पुरुषांनी आपल्या विधिमंडळासाठी मत दिले. त्या काळातील विद्यार्थ्यांची कथाही बोधप्रद आहे. १९३८ साली औरंगाबादच्या महाविद्यालयात व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहांतील मुलांना ‘वंदे मातरम्’ म्हणण्याची बंदी झाली, तेव्हा त्यांची बाजू मांडावयास अधिकृत सभा नव्हती. मुलांनी संप केला, ती काढून टाकली गेली, आणि त्यांतील पुष्कळांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. १९७४ साली मराठवाड्याच्या विकासासाठी जे आंदोलन पेटले, त्यातही विद्यार्थी पुढे होते. सभागृहाचे दार बंद असले म्हणजे गाऱ्हाणे रस्त्यावर येते, हा इतिहासाचा साधा नियम आहे.

मग निवडणुका का टाकून दिल्या? याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, आणि साऱ्या राज्यातील आईबापांच्या काळजात धस्स झाले. महाविद्यालयाच्या आवारात बाहेरचे लोक, पैसा आणि काठ्या शिरल्या होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलगा शिकावयास पाठवावा आणि त्याचे प्रेत घरी यावे, याहून भयंकर ते काय? भीती खरी होती. फक्त तिच्यावरचा उपाय फार रुंद झाला. पूर आला म्हणून विहीर बुजवावी, तशी गत झाली. गमतीची गोष्ट अशी की, त्याच १९८९ साली घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मताचे वय २१ वरून १८ वर आले. देशाचा खासदार निवडण्यास अठरा वर्षांचा मुलगा योग्य ठरला, आणि थोड्याच वर्षांत महाराष्ट्रात तोच मुलगा स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अयोग्य ठरला.

पुढे माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली या प्रश्नाचा सांगोपांग विचार केला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. त्या शिफारशी पालकांनी एकदा अवश्य वाचाव्यात. कारण आपल्या बहुतेक शंकांची उत्तरे त्यांत आहेत. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत असावा. छापील भित्तिपत्रके नकोत, हाताने केलेली चालतील. ध्वनिक्षेपक नको, वाहनांची मिरवणूक नको. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के असावी आणि त्या वर्षी त्याचा कोणताही विषय राहिलेला नसावा. पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी एकदाच उभे राहता येईल. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सारा कारभार दहा दिवसांत आटोपावा. जेथे वातावरण ठीक नसेल तेथे नेमणुकीची रीत तात्पुरती ठेवावी, पण तेथूनही हळूहळू निवडणुकीकडे वळावे, असे समितीचे मत पडले.

यानंतर महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याच्या ९९ व्या कलमाने विद्यार्थी परिषदेची घडणच बदलली. महाविद्यालयातील सर्व नियमित विद्यार्थ्यांनी अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गांपैकी आळीपाळीने एका वर्गाचा एक प्रतिनिधी निवडावयाचा. प्रत्येक वर्गाने आपला एक वर्गप्रतिनिधी निवडावयाचा. आणि खेळ, सेवा योजना किंवा छात्रसेना, व सांस्कृतिक कार्य यांसाठी प्राचार्यांनी एकेक विद्यार्थी नेमावयाचा. कागदावर ही सभा पुष्कळच बरी आहे. परंतु २०१९ साली शासनाने जाहीर केलेल्या निवडणुका त्या वर्षी पुढे ढकलल्या गेल्या, आणि पाठोपाठ २०२० साली साथ आली व महाविद्यालयांची दारेच बंद झाली. कायदा होऊनही मुलांच्या कित्येक तुकड्या मत न देताच पदवी घेऊन बाहेर पडल्या.

निवडणुकीविषयी एवढे बोलल्यावर आता मूळ गोष्टीकडे येऊ. निवडणूक हा सभेचा उंबरठा होय, घर नव्हे. खरे काम निवडून आल्यानंतरचे असते, आणि ते कसे चालावे हे एका कल्पित उदाहरणाने पाहणे बरे. समजा, औशाच्या एका महाविद्यालयात किल्लारी, खरोसा, हासेगाव अशा गावांहून मुली येतात. शेवटचा तास संपतो त्याच्या थोडे आधी गाडी सुटते. मुलींना तास बुडवावा लागतो, किंवा अंधार पडेपर्यंत स्थानकावर बसावे लागते. अशा वेळी चार मुलींनी मैत्रिणींत कुरकुर केली, तर ती हवेत विरते. दहा मुलांनी आगारापुढे आरडाओरड केली, तर फार तर एक दिवस गाडी थांबते. सभेची रीत निराळी आहे.

द्वितीय वर्षाची वर्गप्रतिनिधी प्रथम आपल्या वर्गात विचारपूस करते: कोणत्या गावच्या किती मुली, किती तास बुडाले. मग ती सचिवाकडे लेखी ठराव देते. सचिव सात-आठ दिवस आधी सभेची सूचना व विषयपत्रिका फळ्यावर लावतो. ही आगाऊ सूचना म्हणजे केवळ उपचार नव्हे. ज्याला विरोध करावयाचा आहे त्यालाही तयारीस वेळ मिळावा, हा तिचा हेतू असतो. सभेच्या दिवशी प्रथम गणसंख्या मोजावयाची. आपल्या संसदेत एकूण सभासदांच्या एक-दशांश लोक हजर असल्यावाचून काम चालत नाही. महाराष्ट्र विधानसभेचे २८८ सभासद असल्याने तेथे किमान २९ जण लागतात. विद्यार्थ्यांनी आपली मर्यादा आपल्या नियमांत ठरवावी, आणि ती एकदा ठरली की आपल्या सोयीसाठी ती मोडू नये.

मग ठराव मांडला जातो: ‘गाडीची वेळ बदलून मिळावी.’ दुसरा सभासद अनुमोदन देतो. येथे एखादा शहाणा मुलगा उठून दुरुस्ती सुचवितो, की गाडीची वेळ बदलली तर दवाखान्यातून व बाजारातून परतणाऱ्या लोकांची गैरसोय होईल. त्याऐवजी महाविद्यालयाने शेवटचा तास अर्धा तास अलीकडे घ्यावा, आणि ते जमत नसेल तरच आगाराकडे जादा फेरी मागावी. आधी दुरुस्तीवर मत, मग दुरुस्त ठरावावर मत. कोण कोणत्या बाजूस होते ते मोजून इतिवृत्तात लिहावयाचे. ठराव प्राचार्यांकडे जातो. वेळापत्रक त्यांच्या हाती असते, आणि आगारप्रमुखांस पत्र लिहिणेही त्यांच्याच सहीने शोभते. पुढील सभेत पहिला प्रश्न एकच: ‘मागील ठरावाचे काय झाले?’ एका कुरकुरीचे ठरावात, ठरावाचे दुरुस्तीत आणि दुरुस्तीचे पत्रात रूपांतर झाले. याचेच नाव विधिमंडळाचे काम.

या परिषदेला एस. टी.वर हुकूम चालविता येत नाही, प्राचार्यांवरही नाही. तेव्हा हा सारा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर उत्तर असे की, लेखी प्रश्नाला उत्तर न देणे हेही एक उत्तर असते, आणि ते इतिवृत्तात कायमचे नोंदले जाते. ज्यांच्या घरी एके काळी पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याचे दप्तर होते, त्यांना कागदाचे सामर्थ्य सांगावयास नको. गावात ज्याच्याजवळ दप्तर, त्याच्याजवळ सत्ता, हे आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. आणि त्या दप्तराचा उपयोग नेहमीच न्यायाने झाला असेही नाही. विद्यार्थ्यांच्या सभेचे दप्तर त्याहून एका बाबतीत श्रेष्ठ असले पाहिजे: ते एका घरात बंद नसावे, कोणत्याही विद्यार्थ्याने मागितले, तर त्याच्यापुढे उघडले जावे.

पैशाचेही तसेच. स्नेहसंमेलन, क्रीडा, वार्षिक अंक अशा नाना नावांनी विद्यार्थ्याकडून फी घेतली जाते. ती आपण पावती न वाचताच भरतो. या रकमा किती जमल्या, कोणत्या खात्यावर किती खर्च झाला, शिल्लक काय राहिली, हे परिषदेपुढे वर्षातून दोनदा जरी वाचून दाखविले गेले, तरी मुलांना अंदाजपत्रक म्हणजे काय हे कळेल. कोणावर संशय घेण्यासाठी हे विचारावयाचे नाही. घरातील वाणसामानाचा हिशेब गृहिणी संशयाने लिहीत नाही, रीत म्हणून लिहिते.

आता आपल्या घरांतील आक्षेप. ‘अभ्यास बुडेल’ हा पहिला. महिन्यातून एक सभा आणि तिची तयारी यांत जेवढा वेळ जातो, त्याहून अधिक वेळ हातातील भ्रमणध्वनीत जातो, हे प्रत्येक आई जाणते. ‘राजकारण शिरेल’ हा दुसरा. कायद्याने विद्यार्थी परिषदेस राजकारणापासून दूर राहावयास सांगितले आहे. पण सज्जनांनी जागा रिकामी ठेवली, तर ती रिकामी राहत नाही, हा अनुभव ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत सर्वत्र आहे. ‘मुलीने पुढे पुढे कशाला करावे’ हा तिसरा. तो मोठ्याने कोणी बोलत नाही, पण मनात असतो. वरील उदाहरणातील गाडी कोणाची चुकत होती, ते आठवावे. ज्याची गाडी चुकते त्यानेच ठराव मांडावा, हेच शोभते.

आणि एक लाभ असा आहे की जो घरी किंवा शिकवणीत मिळणे शक्य नाही. हुशार मुलास हरण्याची सवय नसते. घरात त्याचे म्हणणे चालते, वर्गात त्याचे उत्तर बरोबर येते. सभेत मात्र त्याचे म्हणणे बरोबर असूनही बारा विरुद्ध पाच मतांनी पडते, आणि तरीही पडलेल्या ठरावाचा मान राखून पुढच्या विषयाकडे वळावे लागते. ज्यांच्या बाजूने मते पडली ती मुले निराळ्या गावची, निराळ्या घरची, निराळ्या अनुभवाची असतात. त्यांना पटविल्यावाचून आपले चालत नाही, आणि पटवावयाचे तर आधी त्यांचे ऐकावे लागते. आपल्या समाजातील अनेक कर्तबगार माणसे या एका धड्यावाचून सार्वजनिक कामात एकाकी पडलेली आपण पाहिली आहेत.

म्हणून पालकांस विनंती अशी. मुलगा किंवा मुलगी वर्गप्रतिनिधी झाली, तर पेढे अवश्य वाटा. पण पुढच्या महिन्यात जेवताना सहज विचारा, की सभा कधी झाली, विषय कोणते होते, इतिवृत्त कोणी लिहिले, आणि तुझ्या वर्गाला तू परत जाऊन काय सांगितलेस. ज्या वर्षी निवडणूक होणार नाही, त्या वर्षीही काही अडत नाही. कोणत्याही वर्गाने आठवड्यातील एका मोकळ्या तासाला आपली सभा भरवावी, एकाने सभापती व्हावे, एकाने लिहावे, आणि एकच विषय नीट मतास टाकून त्याचे पत्र सर्वांच्या सह्यांनी प्राचार्यांस द्यावे. त्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आणि प्राथमिक शाळेतील शिक्षक-शिक्षिकांनी आपले हौशी मंत्रिमंडळ जरूर नेमावे. फक्त दर शनिवारी अर्धा तास उरलेल्या मुलांना बाकांवर बसवून मंत्र्यांना प्रश्न विचारू द्यावेत. टाकी का धुतली नाही याचे उत्तर देताना जो छोटा मंत्री अडखळेल, तो सोमवारी टाकी धुतली जाईल याची तजवीज करील.